‘अवतरला’ की ‘झाला’?

डिसेंबर लागला, चर्चच्या कमानीवर कागदी चांदणी चढली, की कोल्हापुरात एक वाद दरवर्षी नव्याने सुरू होतो आणि दरवर्षी त्याच जागी अडतो. एक जण समजूतदारपणे म्हणतो, येशू हासुद्धा अवतारच की. आपल्याकडे दहा, त्यांच्याकडे एक, भांडायचं कशाला? दुसरा म्हणतो, बाईच्या पोटी जन्मून क्रुसावर मेला तो देव कसला? तिसरा चर्चच्या आतला असतो आणि त्याचं उत्तर पाठ असतं: तुमचे अवतार पुराणातले, आमचा येशू इतिहासातला. तिघांच्या आवाजात खात्री असते. मुद्द्याला मात्र तिघांपैकी कोणीच हात लावलेला नसतो.

देव माणूस झाला हा ख्रिस्ती दावा खरा की खोटा, हे ज्याने त्याने ठरवावे. पण तो ‘अवतार’ या खणात बसत नाही. बसवायचा हट्ट धरला तर ख्रिस्ती श्रद्धेवर अन्याय होतोच, आणि अवतारकल्पनेवरही होतो. कारण तिचे स्वतःचे शास्त्र आहे आणि ‘आमच्याकडेही असंच आहे’ म्हणताना ते शास्त्र आपणच विसरतो. ‘सगळं एकच’ हे वाक्य भांडण मिटवायला बरे; समजून घ्यायला ते कुचकामी आहे.

सुरुवात एका क्रियापदापासून करावी लागते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातले चौदावे वचन मराठी बायबलात ‘शब्द देही झाला’ असे येते. मूळ ग्रीकमध्ये गाभ्याचे शब्द तीनच: लोगोस, सार्क्स, एगेनेतो. शरीरासाठी ग्रीकमध्ये ‘सोमा’ हा सोज्वळ शब्द होता. लेखकाने तो घेतला नाही. ‘सार्क्स’ म्हणजे मांस, जे थकते, सुजते, कुजते. आणि क्रियापद आले, प्रकटला, उतरला यांपैकी एकही नाही, ‘झाला’ आहे. त्याच वाक्याच्या पुढच्या तुकड्यात ‘आमच्यामध्ये वस्ती केली’ असे आपण वाचतो, तिथे मूळ शब्दाचा अर्थ ‘तंबू ठोकला’ असा आहे. यहुदी वाचकाला त्यात वाळवंटातला निवासमंडप, म्हणजे देवाचा तंबू, दिसे. साखर हंगामात शिरोळ-करवीरच्या शिवारात ऊसतोड टोळ्यांच्या खोपी ज्याने पाहिल्या आहेत त्याला वेगळ्या टीपेची गरज नाही: त्याच चिखलात, त्याच थंडीत, शेजारच्याच खोपीत मुक्काम.

आता आपल्याकडचे क्रियापद पाहा. अवतार म्हणजे उतरणे. वरून खाली येणे. गीतेच्या चौथ्या अध्यायात सहाव्या श्लोकात भगवान सांगतात की मी अजन्मा, अव्यय आणि भूतांचा ईश्वर असूनही स्वतःच्या प्रकृतीवर अधिष्ठित होऊन आत्ममायेने संभवतो. यावर शंकराचार्यांचे भाष्य एका दोन अक्षरी शब्दावर उभे आहे, तो शब्द म्हणजे ‘इव’. भाष्याच्या प्रस्तावनेत ते म्हणतात, ‘देहवान् इव जात इव’; जणू देह असलेला, जणू जन्मलेला. लोकांसारखा खरोखरचा जन्म नव्हे, हेही या श्लोकावर ते स्पष्ट करतात. हा ‘इव’ निष्काळजीपणाने आलेला नाही. ब्रह्म बदलत नाही हा सिद्धांत सांभाळायचा तर तो हवाच. रामानुज हा ‘इव’ स्वीकारत नाहीत. त्यांच्या मते अवताराचे शरीर खरेच असते. फक्त ते कर्माने मिळालेले नसते, आपल्यासारखे प्राकृत नसते.

ख्रिस्ती मंडळीतही हा ‘इव’ फार लवकर शिरला होता. ग्रीक क्रियापद ‘दोकेइन’, म्हणजे भासणे. देव मांसाचा होणे अशक्य, तेव्हा येशूचे शरीर भासमान असले पाहिजे, असे म्हणणारे लोक पहिल्या-दुसऱ्या शतकात होते. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याला शिक्षेसाठी रोमला नेत होते. वाटेत त्याने त्राल्लेसच्या मंडळीला पत्र लिहिले. त्यात एकच क्रियाविशेषण तो हातोडीसारखे चालवतो: खरोखर जन्मला, खाल्ले-प्याला, पंतय पिलाताच्या काळात खरोखर छळला गेला, खरोखर क्रुसावर गेला. शंकराचार्यांनी जिथे ‘इव’ ठेवला, नेमक्या त्याच जागी इग्नेशियसने ‘खरोखर’ ठेवले. दोघांना एकच अडचण दिसत होती आणि दोघांनी उलट दिशांना पाऊल टाकले. या दोघांना ‘एकच’ म्हणणे हा दोघांचाही अपमान आहे.

इथे प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा येतो आणि तो मान्यच करायला हवा. अवतारांना दुःख होत नाही, ते मरत नाहीत, हे चर्चमधले ठरलेले वाक्य खोटे आहे. राम सीतेसाठी रडतो. महाभारताच्या मौसलपर्वात जरा नावाच्या व्याधाचा बाण कृष्णाच्या पायाला लागतो आणि तिथे देह सुटतो. वाल्मीकींचा राम कित्येकदा आपण कोण हेच विसरल्यासारखा वागतो. ज्याने हे वाचले आहे त्याला ‘तुमचा अवतार म्हणजे नुसते सोंग’ असे ऐकवणे उद्धटपणा आहे. तरीही फरक उरतो, तो कथेत नाही, कथेचे काय करायचे यात आहे. कृष्णाचा मृत्यू हे त्याच्या कार्याचे टोक असते. कार्य आधीच झालेले असते. ख्रिस्ती कथेत मरणे हेच कार्य आहे. रामाचा शोक भक्ताला गहिवर आणतो, पण त्या शोकाने भक्ताची सुटका झाली असे कोणी म्हणत नाही. उलट चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरीने एका पत्रात जे सूत्र लिहिले ते असे: जे धारण केले गेले नाही, ते बरे झाले नाही. म्हणजे देवाने माणसाचे जे जे घेतले नसेल ते ते रोगी राहिले. भूक घेतली नसेल तर भूक, भीती घेतली नसेल तर भीती. या हिशेबात मृत्यू वगळता येत नाही.

हा वाद वाईट पद्धतीने लढण्याचीही आपल्याकडे जुनी परंपरा आहे. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आला, त्या काळात मिशनऱ्यांची पत्रके कृष्णाच्या गोपी मोजत होती. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वाद झाले, गर्दी लोटायची. त्या काळच्या अशा वादांचा साचा ठरलेला होता: तुमच्या देवाचे चारित्र्य बघा, तुमच्या देवाचा मृत्यू बघा. एकाने नैतिकतेचा दगड उचलला, दुसऱ्याने प्रतिष्ठेचा. देव ‘होतो’ म्हणजे काय होते, हा प्रश्न वाळूतच राहिला. मिशनरी पुढे इस्पितळे आणि शाळा बांधून या भागात रुजले. त्यांची ती पत्रके आज कोणी वाचत नाही, आणि ते बरेच आहे. पण त्यांचा साचा मात्र आपण जपून ठेवला आहे.

होतो म्हणजे काय, याचे उत्तर ख्रिस्ती मंडळीला सोपे गेले नाही. चारशे वर्षे लागली, आणि तीही चुका करत. ४५१ साली खाल्किदोनला, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या कादिकोय भागात, परिषद भरली. तिने व्याख्या अशी केली: एक व्यक्ती, दोन स्वभाव, आणि हे दोन एकत्र आहेत ते सरमिसळ न होता, बदल न होता, विभागणी न होता, ताटातूट न होता. चारही शब्द नकाराचे. कसे एकत्र आहेत ते सांगितलेच नाही; कसे नाहीत तेवढे सांगितले. विहिरीला कठडा बांधावा तसे. प्रत्येक ‘न’ एका प्रत्यक्ष घडलेल्या चुकीवर बसवलेला आहे, आणि त्या चुका आपल्या रोजच्या अनुभवातल्या आहेत.

‘झाला’ म्हटले की पहिली चूक गुऱ्हाळासारखी होते. काहिलीत रस ओतला, चुलवाणाला चिपाड घातले, भेंडीचे पाणी टाकून मळी काढली, गुळव्याने गोळी पाण्यात टाकून पाक पाहिला आणि काहील वाफ्यात ओतली. शंभर किलो उसाच्या रसाचा दहा-बारा किलो गूळ झाला. झाला खरा, पण रस उरला नाही. देव याच अर्थाने माणूस झाला असे धरले, तर जन्मानंतर देव उरत नाही. गव्हाणीत नुसते बाळ, आणि वर रिकामे सिंहासन. ‘बदल न होता’ हा शब्द या काहिलीवरचे झाकण आहे. पौलाने फिलिप्पैकरांस पत्रात लिहिले की त्याने ‘स्वतःला रिक्त केले’, त्याचा अर्थ काही अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकात गुळासारखाच लावला. पण पौलाचे वाक्य तिथे थांबत नाही. रिक्त केले ते कसे? दासाचे स्वरूप घेऊन. काही टाकून नव्हे, काही घेऊन; गणिताला हे विचित्र वाटेल, पण वाक्य तसेच आहे.

दुसरी चूक संगमाची. प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येतात, गुप्त सरस्वती धरून पंचगंगा होते. त्यापुढे कुठले पाणी कुंभीचे हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. कॉन्स्टॅन्टिनोपलचा मठाधिपती युतिखेस याच वाटेने गेला: दोन स्वभाव होते, एकत्र आल्यावर एक झाला. मग त्या एकात माणूसपणाचे काय होते? समुद्रात पडलेल्या मधाच्या थेंबाचे होते तेच. हा दाखला त्याच काळातल्या वादांतला आहे. येशूला भूक लागते, तो थकून विहिरीच्या काठावर बसतो, होडीच्या मागच्या बाजूला उशीवर डोके टेकून झोपतो, त्याला शेवटच्या दिवसाची तारीख ठाऊक नाही असे तो स्वतः म्हणतो (मार्क १३:३२). सरमिसळ मानली तर या सगळ्यांचा अर्थ लागत नाही. (कोल्हापुरात ‘मिसळ’ ही वाईट गोष्ट असू शकते हे पटवणे कठीण आहे, हे मान्य. पण तिथेही चांगल्या मिसळीत फरसाण आणि कट आपापली चव सोडत नाहीत.)

तिसरी चूक बैलजोडीची. एका जूला दोन बैल. चालतात एकत्र, पण दोन. कॉन्स्टॅन्टिनोपलचा बिशप नेस्तोरियस याच्यावर आरोप होता तो हाच, की त्याचा ख्रिस्त म्हणजे देव आणि माणूस यांची जोडणी आहे. मरियेला ‘देवाची माता’ म्हणावे की नाही यावर ठिणगी पडली आणि ४३१ साली इफिसच्या परिषदेत त्याला पदावरून काढले. वरवर हा पदव्यांचा वाद वाटतो. पण प्रश्न असा होता: मरियेच्या मांडीवर जो आहे तो कोण? देव शेजारी आणि बाळ मांडीवर, असे असेल तर देवाने जन्म घेतलेला नाही, त्याने एका बाळाला सोबत केली.

चौथी चूक मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिला मराठी मनाचा सर्वांत जवळचा अनुभव जोडलेला आहे. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात, गुलालाने वाडी रत्नागिरी लाल होते, ‘चांगभलं’चा गजर उठतो आणि त्या गर्दीत कोणाच्या तरी अंगात येते. डोळे फिरतात, आवाज बदलतो. बोलतो तो देव. माणूस बाजूला सारलेला असतो. वारे गेले की तो दमून बसतो, पाणी मागतो, आणि काय बोललो ते त्याला आठवत नाही. लाओदिकियाचा बिशप अपोलिनारियस याने चौथ्या शतकात जे मांडले ते या अनुभवाच्या फार जवळ जाते: येशूचे शरीर माणसाचे, पण मनाच्या जागी देवाचा शब्द. तो भाविक होता, विद्वान होता, आणि त्याचा हेतू देवत्व जपण्याचाच होता. ३८१ साली त्याचे मत नाकारले गेले. ग्रेगरीचे ‘जे धारण केले नाही ते बरे झाले नाही’ हे सूत्र त्याच्याच विरोधात आहे. माणसाचे बिघडते ते मुख्यतः मनात. मनच घेतले नाही तर काय बरे केले? अंगात येणे आणि देहधारण यांतला फरक इतका सरळ आहे: अंगात येते तेव्हा देव यावा म्हणून माणसाला सरकावे लागते. देहधारणेत माणूस सरकत नाही. तो स्वतःच्या बुद्धीने शिकतो. लूक म्हणतो, तो ज्ञानाने आणि शरीराने वाढत गेला. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत तो ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको’ म्हणतो, म्हणजे त्याची स्वतःची, माणसाची इच्छा आहे आणि ती थरथरते आहे. या एका मुद्द्यासाठी मॅक्सिमस नावाच्या वृद्ध संन्याशाची ६६२ साली जीभ आणि उजवा हात कापण्यात आला, कारण सम्राटाला राजकीय सोयीसाठी ‘एकच इच्छा’ असे सूत्र हवे होते. एकोणीस वर्षांनी परिषदेने मॅक्सिमसचेच म्हणणे उचलून धरले.

हे सगळे शब्दांचे खेळ होते का? काही अंशी होते. खाल्किदोन न मानणाऱ्या मंडळ्या आजही आहेत: इजिप्तमधली कॉप्टिक, अर्मेनियातली, केरळातली मलंकरा. १९७३ मध्ये कॉप्टिक पोप शनुदा आणि रोमचे पोप पॉल सहावे यांनी संयुक्त निवेदन काढले आणि पंधराशे वर्षांच्या भांडणात समान श्रद्धा बरीच मोठी होती असे दिसून आले. तेव्हा शब्दांवर वाजवीपेक्षा जास्त रक्त सांडले हा आक्षेप योग्य आहे. पण शब्द नेमके नसते तर दोघांचे जुळते कुठे आणि तुटते कुठे हे १९७३ मध्ये तरी कशावरून कळले असते?

आणखी एक आक्षेप अलीकडे फार फिरतो: येशूला देव केले ते कॉन्स्टन्टाइन सम्राटाने, ३२५ साली निकेयाच्या परिषदेत, मतदान घेऊन. निकेयाला २०२५ मध्ये १७०० वर्षे झाली, तेव्हा हे वाक्य पुन्हा जोरात आले. त्यात तथ्य एवढेच की परिषद सम्राटाने बोलावली होती. पण सम्राट ट्राजन याला ११२च्या सुमारास प्लिनी नावाचा रोमन अधिकारी कळवतो की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. निकेयाच्या दोनशे वर्षे आधी. निकेयात प्रश्न निराळा होता. आरियस नावाच्या धर्मगुरूचे म्हणणे, पुत्र हा सर्वश्रेष्ठ, पण निर्माण केलेला. संस्थानी भाषेत सांगायचे तर, महाराज स्वतः आले की दिवाणाला पाठवले? परिषदेने ‘स्वतः’ असे उत्तर दिले आणि त्यासाठी ‘एकतत्त्व’ हा शब्द घातला. पुढे काय झाले ते या आक्षेपात कधीच येत नाही. कॉन्स्टन्टाइनचा मुलगा कॉन्स्टॅन्शियस दुसऱ्या बाजूला झुकला, निकेयाचा कैवारी अथनासियस पाच वेळा हद्दपार झाला, आणि खुद्द कॉन्स्टन्टाइनला मरणापूर्वी बाप्तिस्मा दिला तो आरियसच्या गटातल्या बिशपने. दरबारी फर्मानाने ठरले असते, तर उत्तर उलटेच आले असते.

तर्काचा आक्षेप अधिक गंभीर आहे. अमर्याद आणि मर्यादित, सर्वज्ञ आणि अजाण, एकाच व्यक्तीत? हे चौकोनी वर्तुळ नव्हे काय? एकाच अर्थाने दोन्ही म्हटले असते तर विसंगती निर्विवाद होती. दावा असा आहे की देव म्हणून जाणतो, माणूस म्हणून जाणत नाही. यामुळे उघड विसंगती टळते, पण एकाच ‘मी’ला दोन जाणिवा कशा, हे कोडे सुटत नाही, आणि सुटले आहे असे सांगणारा पाळक अपोलिनारियसच्या वाटेवर आहे की नाही हे तपासून घ्यावे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला आणि नंतर कित्येक महिने याच मुद्द्यांवर तिथल्या धर्मभगिनी आणि बिशपांशी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. आपल्या सदसद्विवेकाची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यायला त्या तयार नव्हत्या. त्या पत्रांत जेवढी बौद्धिक प्रामाणिकता आहे, तेवढी आजच्या दोन्ही बाजूंच्या भाषणांत मिळून सापडणार नाही.

इस्लामचा नकारही याच दर्जाचा आहे. कुराणाची ११२वी सूरा चार छोट्या आयतांत सांगते: त्याने जन्म दिला नाही, त्याला जन्म दिला गेला नाही. यात गोलमाल नाही. हा नकार देणाऱ्याला दावा नीट कळलेला आहे. ‘तोही एक अवतार’ म्हणणारा होकार देतो खरा, पण कशाला दिला हे त्याला ठाऊक नसते.

ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात सापडलेली ब्राँझची एक लहान मूर्ती कोल्हापूरकरांना माहीत आहे: पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव, उघडा, पिळदार. रोमशी व्यापार होता त्या काळातली. तालमीतल्या कोणत्याही वस्तादाला आवडेल अशी ती अंगकाठी आहे. ग्रीक-रोमन जगाला देव माणसाच्या रूपात यायचे वावडे नव्हते. प्रेषितांच्या कृत्यांच्या चौदाव्या अध्यायात लुस्त्र गावात पौलाने एक पांगळा बरा केला, तर लोक ओरडले की देव माणसांच्या रूपाने उतरले आहेत; बर्णबाला त्यांनी झ्यूस ठरवले, पौलाला हर्मीस, आणि पुजारी बैल आणि हार घेऊन वेशीवर आला. दोघांनी कपडे फाडून घेतले. ‘तुमच्याकडेही आहे, बरे झाले’ असे म्हणून बैल स्वीकारणे सोपे गेले असते.

त्या जगाला खटकले ते देवाचे माणूस होणे नव्हे, कसला माणूस होणे हे. नासरेथचा ‘तेक्तोन’, म्हणजे सुतार किंवा गवंडीकाम करणारा कारागीर. आपल्या भाषेत बलुतेदार. तीसएक वर्षे कोणाच्या लक्षातही न आलेला. आणि मरण गुलामांना आणि बंडखोरांना देत ते. दुसऱ्या शतकात सेल्सस या ख्रिस्तीविरोधी ग्रीक लेखकाने याच गोष्टीची खिल्ली उडवली. रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर एका भिंतीच्या गिलाव्यावर खिळ्याने कोरलेले एक चित्र सापडले, १८५७ मध्येच, इकडे समुद्रकिनाऱ्यावर वाद चालू होते त्या साली. क्रुसावर एक देह, डोके गाढवाचे, खाली हात वर केलेला पोरगा, आणि वाकड्यातिकड्या ग्रीक अक्षरांत: अलेक्सामेनोस देवाची पूजा करतो. साधारण इ.स. २००च्या आसपासची ही टवाळी आहे. ज्याने हे कोरले त्याला दावा नेमका कळला होता. ज्या शहरात राजाला वेदोक्त मंत्र मिळावेत की पुराणोक्त यावरून पंचगंगेच्या घाटावर रण पेटले, तिथे तरी कोणत्या हातांना देव लाभतो या प्रश्नाचे वजन सांगायला नको.

चर्चच्या आतल्यांनाही एक सवलत द्यायला हवी, आणि मग ती काढून घ्यायला हवी. ‘अवतार’ हा शब्द भारतीय ख्रिस्ती लेखकांनी स्वतःच वापरला. मद्रासच्या चक्करै यांनी १९२०च्या दशकात येशूला अवतार म्हटले. बंगालच्या ब्रह्मबांधव उपाध्यायांनी देहधारणेचे स्तोत्र संस्कृतात रचले आणि त्यात ‘नरहरे’ अशी हाक घातली. त्याआधी तीनशे वर्षे, १६१६ मध्ये, गोव्यात रायतूरला छापलेल्या मराठी ओव्यांत फादर स्टीफन्स स्वर्गाला सरळ वैकुंठ म्हणतात. नाताळच्या गाण्यांत ‘अवतरला’ सर्रास येते आणि चालीत बसते. भाषेला दुसरीकडून शब्द आणायची गरज नाही, हा त्यांचा मुद्दा बरोबर होता. पण चक्करै यांनाही लगेच पुस्ती जोडावी लागली की हा अवतार संपणारा नाही. शब्द घेतला आणि त्याचा मूळ अर्थ काढून ठेवला, तर वाचकाच्या मनात जुनाच अर्थ राहतो. पुस्ती कोण वाचतो?

आता उरतो सर्वांत मोठा आक्षेप. एकदाच का? एकाच गावात, एकाच भाषेत, तिबेर्य सम्राटाच्या एका प्रांतात? ‘संभवामि युगे युगे’ किती उदार आहे त्यापेक्षा! याला मिळणारे नेहमीचे ख्रिस्ती उत्तर असे, की माणूस एकदाच जगतो, म्हणून खरा माणूस व्हायचे तर एकदाच व्हावे लागेल. उत्तर चांगले आहे, पण अर्धेच आहे. माणूस एकदाच जगतो हे आपल्याकडे कोणी मान्य केले आहे? गीतेचा चौथा अध्याय पुन्हा उघडा. ‘यदा यदा हि’च्या दोन श्लोक आधी, पाचव्या श्लोकात, भगवान म्हणतात: माझे बरेच जन्म होऊन गेले आणि तुझेही, अर्जुना. अवताराची पुनरावृत्ती आणि माणसाचा पुनर्जन्म एकाच ओळीत, शेजारी शेजारी. आता इब्री लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायाची सत्ताविसावी आणि अठ्ठाविसावी वचने घ्या: माणसांना एकदाच मरणे नेमलेले आहे, तसाच ख्रिस्तही एकदाच अर्पण झाला. इथेही दोन गोष्टी शेजारी. दोन्ही ग्रंथांनी देवाचे येणे माणसाच्या आयुष्याच्या मापानेच बेतले आहे. माप वेगळे, म्हणून अंगरखा वेगळा. तेव्हा ‘एकदाच का’ हा प्रश्न देवाबद्दलचा वाटतो, पण तो आहे आपल्याबद्दलचा: हा जन्म एकुलता आहे की अनेकांतला? पुनर्जन्म मानणाऱ्याने देहधारण नाकारणे सुसंगत आहे. पुनर्जन्म नाकारणाऱ्याने युगायुगाचे अवतार नाकारणेही. दोन्ही एकदम मानणाऱ्याने मात्र थोडे बसून विचार करावा.

आणि शेवट कसा होतो तेही पाहावे. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर मनोहर पादुका आहेत, औदुंबरला विमल, गाणगापूरला निर्गुण. नृसिंह सरस्वती हे दत्ताचे दुसरे अवतार. ते कर्दळीवनाकडे निघाले आणि मागे पादुका राहिल्या. मराठीत याला शब्दच आहे: अवतारसमाप्ती. कार्य संपले, देह ठेवला, निजधामास गेले. पावसाळ्यात नदी चढून पादुकांवरून वाहते तेव्हा दक्षिणद्वाराला स्नानासाठी गर्दी होते, ती मागे राहिलेल्या या पादुकांभोवतीच. ख्रिस्ती कथेत ही समाप्ती नाही. पुनरुत्थानानंतर थोमा या शिष्याला दाखवलेल्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते आणि स्वर्गारोहण झाले ते त्याच हातांसकट. देव माणूस झाला तो अजूनही माणूस आहे. रोज चर्चला जाणाऱ्या कित्येकांनाही हे ऐकून नवल वाटते. चौथ्या शतकात अँकिराच्या मार्सेलसने मांडले होते की काळाच्या शेवटी शब्द देह बाजूला ठेवील आणि पित्यात परत जाईल. म्हणजे नेमकी अवतारसमाप्तीच. निकेयाचा खंदा समर्थक असूनही त्याचे हे मत टिकले नाही. विश्वासांगीकारात, म्हणजे चर्चमध्ये म्हणायच्या श्रद्धेच्या कबुलीत, त्याच्या विरोधात एक छोटेसे वाक्य बसवले गेले, आणि ते आजही म्हटले जाते, बरेचदा मागच्या बाकावरून, घड्याळाकडे बघत: त्याच्या राज्याला अंत होणार नाही.